सतरा एकांचा आकडा

आमच्या घरात आठ हा आकडा मोठ्यानं कुणी म्हणत नाही. माय बाजारात गेली की "सात आन् एक" अंडी मागते. दुकानदाराला वाटतं, म्हातारीला काहीतरी नवस असेल. नवसबिवस काही नाही. आठ म्हटलं की आक्का मागं येऊन उभी राहिल्यासारखं वाटतं, एवढंच. मी गणिताचा मास्तर, अंबाजोगाईत अकरावी-बारावीच्या पोरांना शिकवतो, माझ्या तोंडी असलं बोलणं शोभत नाही हे मला कळतं. पण फळ्यावर एखाद्या उदाहरणाचं उत्तर आठ आलं की माझा खडू थांबतो. पोरं हसतात. हसू द्या.

आक्का माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. आम्ही घाटनांदूरचे, शेळ्यामेंढ्यांवर जगणारं घर, जोडीला तीन एकर कोरडवाहू. आक्का दहावीपर्यंत शिकली, मग तिला आष्टीकडच्या एका गावात दिली, आणि वर्षाच्या आत ती परत आली. का आली ते तिनं सांगितलं नाही आणि आम्हीही कधी धड विचारलं नाही. शेळ्या तिच्याकडं आल्या. सकाळी भाकरी बांधून रेल्वे रुळाच्या पलीकडच्या माळावर जायचं आणि दिवस कलला की यायचं, हे तिचं आयुष्य. बरोबर एक पाणी-बाटली, एक काठी आणि एक वही.

वहीचं खूळ शाळेपासूनचं. ती नववीत आणि मी सातवीत असताना आमच्या गणिताच्या सरांनी एकदा दोन्ही वर्ग एकत्र बसवले आणि फळ्यावर नुसते एक-एक लिहून आकडे केले. दोन एक म्हणजे अकरा, तो कशानंच तुटत नाही. तीन एक म्हणजे एकशे अकरा, तो तुटतो, सदतीस त्रिक एकशे अकरा. चार एक म्हणजे अकरा गुणिले एकशे एक. पाच एक तुटतो का ते घरून करून आणा, असं म्हणून सर गेले. आम्ही घरी पोचायच्या आत आक्कानं रस्त्यातच धुळीत काडीनं भागाकार मांडून दाखवला, एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. मला तर एक्केचाळीसनं भागून बघावं हे सुचलंसुद्धा नसतं.

ती तिथं थांबली नाही. तिचं तिनं शोधलं की एक जोडीनं असले तर आकडा अकरानं तुटतो, तिनाच्या पाढ्यातले असले तर तिनानं, आणि त्रास देतात ते पाच, सात, अकरा, तेरा, सतरा असे स्वतःच न तुटणारे. सात एक तिनं दहावीत तोडला, दोनशे एकोणचाळीसनं. तेरा एक एका दुपारीत गेला, त्रेपन्ननं. अकरा एक मात्र चिवट निघाला. तो तिला सासरहून परत आल्यावर गवसला, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं. त्या दिवशी ती शेळ्या अर्ध्या माळावर सोडून घरी पळत आली होती. अण्णांनी, आमच्या वडलांनी, शिव्या घातल्या आणि मी तिची वही घेऊन बसलो.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला अंबाजोगाईत. ती वही मी आमच्या प्राध्यापकांना दाखवली. त्यांनी चष्मा काढला, पानं उलटली, परत चष्मा घातला आणि म्हणाले, हिला एकदा घेऊन या, बारावीला बसवू, सतरा नंबरचा फॉर्म भरू. घरी बसून परीक्षा देणाऱ्यांचा तो फॉर्म, महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. तीन वर्षं मी त्यांच्या पहिल्या बाकावर बसत होतो. माझ्या वहीसाठी त्यांनी चष्मा कधी काढला नव्हता.

आता खरं सांगतो, लपवून काय करू? मला जळजळ झाली. बसनं येताना घाटनांदूरपर्यंत मी खिडकीबाहेर बघत तीच चघळत होतो. घरी आल्यावर आक्काला सांगितलं की सर म्हणाले बघू, पण आधी सतरा एक तोडून दाखव. ही अट सरांनी घातली नव्हती. मी घातली होती. अण्णांना ती फार आवडली. पोरगी सतरा एक तोडणार कधी आणि अंबाजोगाईला जाणार कधी, असा त्यांचा हिशोब. ते म्हणाले, तुटला की जा बाई, मी आडवं येणार न्हाई. आक्कानं शब्द पक्का धरला. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "तुटला की नेशील ना रं?" मी म्हणालो, नेईन.

अट घातली तसा थोडा लाजलोही असेन, कारण मी तिला सरांकडून शिकलेली एक युक्ती दिली. सतरा एकांच्या आकड्याला तोडणारा जो कुठला न तुटणारा आकडा असेल, त्याला चौतिसानं भागलं तर बाकी एकच उरते. म्हणजे सगळे आकडे तपासायला नकोत. पस्तीस, एकोणसत्तर, एकशे तीन, अशा चौतीस-चौतीसच्या उड्या मारत जायचं, आणि त्यातलेही तीन, पाच, सात, अकरा, तेरानं जाणारे गाळायचे. आक्काचे डोळे असे चमकले की बास.

आणि दुसरं एक दिलं. ती प्रत्येक भागाकार झाला की उलटा गुणाकार करून पडताळायची, त्यात अर्धा दिवस जायचा. मी म्हणालो, येडी हाय का, ताळा कर. नवाचा ताळा ही आमच्या शाळेतली जुनी रीत. आकड्यातले अंक मिळवायचे, एकच अंक उरेपर्यंत मिळवत जायचे. सतरा एकांची बेरीज सतरा, एक आणि सात आठ. आता भाजकाचा ताळा, भागाकाराचा ताळा, दोघांचा गुणाकार, त्यात बाकीचा ताळा मिळवला की शेवटी आठच यायला पाहिजे. आठ आला, खूण केली, पुढचा आकडा. मी तिला ठासून सांगितलं की आठ आला की मागं वळून बघायचं नाही.

तिनं ते तंतोतंत पाळलं. दिवसाला दहा आकडे, एका पानावर चार भागाकार. मी कॉलेजातले एका बाजूनं छापलेले रद्दी कागद आणायचो, ती दाभणानं शिवून वह्या करायची. सुट्टीत मी माळावर तिच्याजवळ जाऊन बसलो की शेळ्या बाभळीला तोंड लावतायत, आक्का मांडीवर वही घेऊन वाकलीय, आणि दर थोड्या वेळानं हलकेच म्हणतेय, "आठ आला." आनंदानं नाही, दुःखानंही नाही. दार लावताना कडी घातल्याचा आवाज येतो, तसं. भरलेल्या वह्या पत्र्याच्या पेटीत जायच्या. पेटी भरली तेव्हा खताच्या रिकाम्या गोण्यांत.

वर्षं गेली. मी एम.एस्सी. झालो, बी.एड. झालो, नोकरीला लागलो. गावातल्या बायका आक्काला आकडेवाली म्हणायच्या, तिला त्याचं काही नव्हतं. मी मधूनच म्हणायचो, आक्का, फॉर्म भरूनच टाकू की. अगदी वरवर म्हणायचो. ती म्हणायची, थांब रे, शब्द दिलाय, तुटू दे. मला बरं वाटायचं. हेही लिहून ठेवतो.

सहा वर्षं झाली असतील तेव्हा एका दुपारी स्टाफरूममध्ये रिकामा तास होता. चहा सांगितला होता. हातात मोबाइल, आणि सहज, खरोखर सहज, मी तो आकडा त्यात टाकला. चहा यायच्या आत तो तुटला. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस गुणिले पाच अब्ज छत्तीस कोटी बत्तीस लाख बावीस हजार तीनशे सत्तावन्न. मी कागदावर गुणाकार करून बघितला. सतराच्या सतरा एक ओळीनं उभे राहिले, मेंढ्यांच्या जाळीच्या खुंट्या ठोकल्यासारखे.

आक्का तेव्हा एकोणीस लाखांवर होती. मला इतका आनंद झाला की मी चहा सांडला. सहा महिने, फार तर. मी ठरवलं की सांगायचं नाही. तिचं तिला मिळू दे, आपण त्या दिवशी पेढे घेऊन जायचं आणि दुसऱ्याच दिवशी फॉर्म. मनात वाटलं, माझं पाप फिटलं. दर खेपेला घरी गेलो की विचारायचो कुठवर आलीस, आणि ती सांगायची, आणि मी मनात वजाबाकी करायचो. ज्येष्ठात ती वीस लाख साठ हजारांवर आली. दोन आठवड्यांचं काम राहिलं होतं.

मी तीन आठवड्यांनी पेढे घेऊन गेलो. उतरून सरळ माळावर. आषाढाचे दिवस, पण आभाळ नुसतंच भरून आलं होतं, थेंब नाही. आक्का रुळाजवळच्या दगडावर बसली होती. मी हसत विचारलं, कुठवर? ती म्हणाली, वीस लाख अठ्ठ्याहत्तर हजार, आणि परत खाली बघून भागायला लागली.

मला आधी वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. पेढ्यांचा पुडा हातात तसाच. ती पुढं निघून गेली होती. सहा-साडेसहा वर्षं ज्या आकड्याकडं चालत आली, त्याला ओलांडून, आठ आला म्हणून खूण करून, ती पुढं निघून गेली होती. आणि आता ती जन्मभर भागत बसली तरी तिला काही मिळणार नव्हतं, कारण पुढचा आकडा अब्जांत होता.

त्या क्षणी सांगायला पाहिजे होतं. एक वाक्य, "आक्का, मागं जा, सात-आठ दिवसांमागं काहीतरी चुकलंय." एवढंच. पण मग ती विचारणार, तुला कसं ठाऊक? मग मोबाइल निघणार, मग ताळा कसा चुकला ते निघणार, मग ताळा कुणी शिकवला ते. आणि त्याच्या मागं ती अट. मी म्हणालो, पगारवाढ झाली, पेढे आणलेत. तिनं हात पदराला पुसले, एक पेढा खाल्ला, बाकीचे घरी देवापुढं ठेवू म्हणाली. तिला फार आनंद झाला माझा.

मग राखीपौर्णिमा. मी घरी गेलतो. मायनं पाट मांडला, आक्कानं ओवाळलं, मनगटावर राखी धरली, पहिली गाठ मारली आणि थांबली. दोरा तिच्या बोटांत तसाच. माझ्या तोंडाकडं बघून तिनं शांतपणे विचारलं:

"आठ आला म्हंजे भागाकार बरोबरच असतो, न्हाई का रं?"

मी गणिताचा मास्तर. दीड महिना मी झोपेतसुद्धा हाच विचार करत होतो. ताळ्याला अंकांची बेरीज कळते, त्यांची जागा कळत नाही, पुढचा अंक मागं गेला तरी तो आठच दाखवतो, हे मला त्या वेळी पाठ होतं. अण्णा समोर खाटेवर, माय चुलीपाशी. मी म्हणालो, "हां, बरोबरच असतो."

आक्कानं मान हलवली आणि दुसरी गाठ मारली. मग मला जेवायला वाढलं, आणि निघताना भाकरी बांधून दिली, वरून शेंगदाण्याची चटणी, मला आवडते तशी.

दसरा झाला आणि तिला ताप भरला. दोन दिवस अंगावर काढला, मग मी तिला अंबाजोगाईच्या दवाखान्यात आणली. डॉक्टरांनी जीव तोडून केलं, त्यांच्याबद्दल बोलायला जागा नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. अंबाजोगाईला नेईन म्हणालो होतो, तशी नेली. शेवटल्या दिवशी ती तापात काहीतरी पुटपुटत होती, मी कान जवळ नेला. मला वाटलं होतं आठ म्हणेल. ती शेळ्यांना हाका मारत होती.

तेराव्यानंतर पाहुणे गेले आणि मी वह्यांची शेवटची गोणी उघडली. मला ते पान बघायचंच होतं. सापडायला वेळ लागला नाही, तिनं सगळं ओळीनं लावलेलं. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस, स्वच्छ अक्षर, खाली पायऱ्या. मी बोट ठेवून एकेक पायरी तपासत गेलो. पहिल्या तीन बरोबर. चौथ्या पायरीला बाकी यायला हवी होती ४६०६६२. तिनं लिहिली होती ४६६०६२. शून्य आणि सहा यांची जागा बदललेली, बस. कदाचित शेळी ओरडली असेल, कदाचित गाडी गेली असेल. तिथून पुढं सगळं तिनं बिनचूक केलं होतं, चुकीच्या बाकीवरून बिनचूक, आणि शेवटी जिथं शून्य यायचं तिथं दहा लाख एकोणनव्वद हजार आठशे बासष्ट. बाजूला ताळा. चार साता अठ्ठावीस, त्याचा एक, बाकीचे सात, एक आणि सात आठ. आठ आला. बारीकशी खूण.

माय हाक मारून गेली. तेव्हापासून घरात ते सुरू झालं. भर दुपारी, गावात सामसूम असते त्या वेळी, माय म्हणते, शेळ्यांच्या गोठ्याकडून आवाज येतो. काय आवाज, असं मी विचारत नाही. मलाही येतो. शेळ्या आम्ही विकल्या तरी येतो. अंबाजोगाईत माझ्या खोलीत येतो, पेपर तपासताना येतो, खूण करायला पेन टेकवलं की कानाशी येतो, आणि मग मी तोच पेपर पहिल्यापासून परत तपासतो. अण्णांनी एकदाच विचारलं, "तुटनारा होता का रं तो आकडा?" मी म्हणालो, बघतो. एवढ्या मोठ्या आकड्याला बघायलाच वेळ लागतो, असं त्यांना वाटलं असेल. त्यांनी परत विचारलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कसंतरी निभावलं असतं. चूक कुणाकडूनही होते, म्हणालो असतो. पण गेल्या उन्हाळ्यात मायनं माळ्यावरचं सामान खाली काढायला सांगितलं, आणि तिथं आक्काच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली आणखी एक गड्डी निघाली. शिवलेल्या सहा-सात वह्या, त्याच रद्दी कागदांच्या. यात ताळा कुठंच नव्हता. प्रत्येक भागाकाराच्या शेजारी उलटा गुणाकार, पूर्ण मांडलेला, पहिल्यासारखा. पहिल्या पानावर पस्तीस खोडलेला, एकोणसत्तर खोडलेला, एकशे तीन भागलेला. शेवटच्या पानावर ती एकतीस हजारांवर होती. दसऱ्यापर्यंत, दिवसाला सहा. त्या गतीनं वीस लाखांवर परत यायला तिला आणखी दहा वर्षं लागली असती, आणि ती निघाली होती.

पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर, अगदी वर, तिनं तिथी घातली होती. आमच्याकडं नागपंचमीला बाया काही चिरत नाहीत, कापत नाहीत, विळीला हात लावत नाहीत, म्हणून त्या दिवशी तिला जरा सवड मिळाली असणार. तिथीखाली एकच ओळ होती.

"नागपंचमी. ४५ चे ५४ लिहिले तरी आठ येतो. पहिल्यापासून."

नागपंचमी राखीच्या दहा दिवस आधी येते. म्हणजे पाटावर मी तिच्यासमोर बसलो होतो तेव्हा तिला ठाऊक होतं. दहा दिवसांपासून ठाऊक होतं. पहिली गाठ मारून ती थांबली, मला विचारलं, माझं उत्तर ऐकलं, आणि मग दुसरी गाठ मारली.